नमनाला घडाभर अपडेट

व्हिडिओ गेम खेळायला बसणं आणि व्हिडिओ गेम खेळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चाळिशी उलटल्यावर कळतं. बसणं मला उत्तम जमतं. घरात निजानीज झाली, उद्याची कामं मनातल्या मनात परवावर ढकलून झाली, की मी दिवा बारीक करतो, पाठीशी उशी घेतो आणि कंट्रोलर हातात धरून रीतसर बसतो. मग पडद्यावर अक्षरं उमटतात: नवीन अपडेट उपलब्ध आहे.

अपडेटची ती पट्टी सत्तर टक्क्यांपर्यंत वाऱ्यासारखी धावते. पुढे तिला काय होतं कोण जाणे, ती बसकण मारते. यथावकाश उठते, तर लॉगिन करा. पासवर्ड चुकला. मेलवर कोड पाठवलाय. मेलचा पासवर्ड? तो मोबाइलमध्ये. मोबाइल चार्जिंगला, तोही आतल्या खोलीत, जिथे झोपलेल्या माणसाला या वेळी 'काय शोधतोयस?' या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची सोय नाही. तेवढं पार पडलं की अटी आणि शर्ती. त्या वाचायच्या नसतात हे मलाही कळतं, पण तळापर्यंत सरकवल्याशिवाय 'मान्य' हे बटण उजळत नाही. मग जन्मतारीख. दिवस-महिन्याचं ठीक आहे, वर्षासाठी मात्र आकड्यांचं चक्र चालू सालापासून मागे मागे न्यावं लागतं. तरुण पोरांचं साल दोन टिचक्यांत येतं. मी अंगठा दाबून धरतो आणि वर्षं डोळ्यांसमोरून सरसर जातात, मुलीचा जन्म गेला, लग्न गेलं, कॉलेज गेलं, तरी आपलं स्टेशन काही येत नाही.

शेवटचा अडथळा उजेडाचा. 'डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इथपर्यंत उजेड कमी-जास्त करा.' अहो, माझ्या वयात सगळीच चिन्हं जेमतेम दिसतात. कितीला थांबू?

1985 साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला तो अवघ्या 40 किलोबाइटांत. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'वाला गुलाब याहून वजनदार असतो. जागा वाचवण्यासाठी करणाऱ्यांनी काय काटकसर केली, तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती, फक्त रंग बदललेला. मी बालपणी तासन्‌तास ते पाहिलं आणि मला कधी शंका आली नाही. कॅसेट खोचली, स्टार्ट दाबलं, मिशीवाला उजवीकडे धावत सुटला. त्याने माझा ईमेल विचारला नाही. उलट 2020 सालच्या 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'ची खोक्यातली आवृत्ती दहा डीव्हीडींवर आली होती. तेवढ्या तबकड्या एकेक करून आत घालेपर्यंत खरं विमान उतरून प्रवासी सामान घेऊन घरी जातील.

आता कंट्रोलर. 1977 च्या अटारी या घरगुती गेम मशिनला एक दांडी होती आणि एक बटण. दांडीने जायचं, बटणाने मारायचं, माणसाला आयुष्यात याहून जास्त लागतं तरी काय? हल्लीच्या कंट्रोलरवर दोन दांड्या, उजवीकडे चार बटणं, डावीकडे चार दिशा, खांद्यावर चार घोडे, आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून की काय, त्या दांड्या खाली दाबल्या तर त्यांचीही बटणं होतात. घाबरलेला माणूस दांडी करकचून दाबतोच. मग ऐन लढाईत माझा वीर एकदम गुडघ्यावर बसतो, किंवा लांबचं पाहण्यासाठी दुर्बीण काढतो. शत्रू तोवर हाताच्या अंतरावर आलेला असतो. दुर्बिणीतून फार मोठा दिसतो.

त्यातही एका बटणाला एकच काम असेल तर शपथ. एका घोडेस्वारांच्या खेळात वाटेने येणाऱ्या माणसाकडे लक्ष द्यायचं बटण आणि त्याच्यावर बंदूक रोखायचं बटण एकच आहे. हातात काही नसेल तर तुम्ही त्याला रामराम करता. हातात बंदूक राहून गेली असेल, तर रामराम करण्याच्या सद्हेतूने तुम्ही ती त्याच्या कपाळावर धरता. तो किंचाळतो, बाजार पळतो, पोलीस येतात. एवढ्या सभ्य माणसाच्या डोक्यावर पडद्यावर इनाम लागलेलं पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, तू फक्त चालत जा ना. कोणाशी बोलू नकोस." हेच वाक्य मी लग्नसमारंभात तिच्या आईकडून ऐकलेलं आहे.

कुठलं बटण कशाला, हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येतं म्हणे. येत असेल. ती अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी असतात आणि मी चष्मा नीट करेपर्यंत निघून जातात. चष्म्याचंही त्रांगडं आहे. जवळचा लावला तर टीव्ही धूसर, लांबचा लावला तर हातातली बटणं धूसर. दोन्ही नंबर एकाच काचेत असलेला लावला, तर मान वर-खाली करत खेळावं लागतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, गृहस्थ फारच पटतंय म्हणून मान डोलावताहेत.

डोळ्यांचं एक वेळ चालून गेलं असतं, पण 2014 साली कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी 'स्टारक्राफ्ट 2' खेळणाऱ्या 16 ते 44 वयाच्या 3,305 जणांचा अभ्यास छापला. निष्कर्ष असा, की या खेळात प्रतिसादाचा वेग वयाच्या चोविसाव्या वर्षापासून उतरणीला लागतो. चोविसाव्या! म्हणजे मी उतरणीला लागलो तेव्हा नुकता कमवायला लागलो होतो आणि मला कोणी बोललंसुद्धा नाही. त्याच अभ्यासात थोडा दिलासाही आहे: वयाने मोठे खेळाडू हातांचा वेग कमी पडतो म्हणून सोप्या, सुटसुटीत युक्त्यांनी भरपाई करताना दिसतात. माझी युक्ती सुटसुटीतच आहे. मी दगडामागे बसतो.

ऑनलाइन खेळात ती चालत नाही. शंभर जण विमानातून उड्या टाकतात, शेवटी उरेल तो जिंकला. मी जमिनीला पाय लावतो, आजूबाजूची झाडी बघतो, 'छान काढलंय हं' असं म्हणतो आणि मरतो. कोणी मारलं, कुठून मारलं, याचा पत्ता नाही. हेडफोनमध्ये मात्र आवाज न फुटलेला एक पोरगा सांगतो, "काका, पळा ना." पळायचं कुठे, हे सांगण्याएवढा वेळ त्याच्याकडे नसतो. आणि मध्ये दाराची बेल वाजली तर थांबायची सोय नाही. एकट्याने खेळायच्या खेळात ती असते असं समजत असाल तर 'डार्क सोल्स' (2011) घ्या. त्यात एकटे असलात तरी पॉज नाही. तुम्ही दार उघडून येईपर्यंत तिकडे तुमचा निकाल लागलेला असतो.

इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्या वेळचे खेळ सोपे होते आणि म्हणून मजा यायची, हे माझ्या वयाचे लोक बोलतात ते साफ खोटं आहे. ते खेळ महाक्रूर होते. 'काँट्रा'मध्ये तीन जीव मिळायचे आणि गोळी अंगाला चाटून गेली तरी एक गेला. 'पॅक-मॅन' (1980) 256 व्या पातळीवर पोचला की अर्धा पडदा अक्षरांचा चिवडा होऊन बसायचा, कारण पातळी मोजणारा आकडा 255 च्या पुढे जाऊच शकत नव्हता. तिथवर कोणी येईल असं करणाऱ्यांना वाटलंच नसावं. 1986 साली 'ग्रेडियस' घरच्या मशिनवर आणताना तो तपासणं प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांना इतकं जड गेलं, की त्यांनी स्वतःसाठी चोरवाट ठेवली: वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए. हीच किल्ली पुढे 'काँट्रा'त तीस जीव देऊ लागली आणि ज्यांना पाढे येत नव्हते त्यांना ती पाठ होती. म्हणजे खेळ खुद्द करणाऱ्यालाच झेपत नव्हता, आमची काय कथा.

फरक एवढाच, की जुना खेळ पाच मिनिटांत मारून मोकळं करायचा. तुम्ही मेलात, आता अभ्यासाला जा. नवा खेळ मारत नाही, राबवून घेतो. जगाचा नाश चार दिवसांवर आलाय, त्राता म्हणून माझी निवड झाली आहे, आणि वेशीवरच्या म्हातारीला तिची शेळी शोधून हवी आहे. शेळी आणली की तिच्या भावाला सात औषधी मुळ्या हव्यात. नकाशा उघडावा तर त्यावर इतकी चिन्हं, की खाली जमीन आहे हे गृहीत धरावं लागतं. मुळ्या गोळा केल्या की पाटी येते, तुमच्याकडचं ओझं फार झालं, आता पळता येणार नाही. मग जगाचा त्राता झोळी उघडून बसतो आणि गंजलेल्या तलवारी एकेक करून टाकतो. दिवसभर कचेरीत मी काय वेगळं करतो? तिथे निदान शनिवार-रविवार असतो. इथे रोजची कामं वेगळी, आठवड्याची वेगळी, आणि हंगाम संपायच्या आत बक्षीस घेतलं नाही तर ते जातं.

सगळ्यात वाईट गत मध्ये खंड पडला की होते. दप्तरातलं काम वाढतं, घरात पाहुणे येतात, सर्दी होते. मग एका रात्री परत येऊन सुरू करावं, तर मी एका दलदलीत उभा आहे. पाऊस पडतोय. अंगावर कोणाचा तरी झगा आहे, हातात कंदील आहे, शेजारी एक बाई रागाने बघते आहे. ही कोण? माझ्यावर का चिडली? कामांच्या यादीत एकच ओळ: 'ठरल्याप्रमाणे त्याला भेटा.' कोणाला? काय ठरलं होतं? मी अंदाजाने एक बटण दाबतो, तर कंदील विझतो. दुसरं दाबतो, तर मी त्या बाईला ढकलतो. तिच्या रागाचं कारण बहुधा तेच असावं. शेवटी पहिल्यापासून सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यामुळे माझ्याकडच्या प्रत्येक खेळाची पहिली दोन-तीन प्रकरणं मला तोंडपाठ आहेत आणि शेवट एकाचाही माहीत नाही.

यावर तोडगा म्हणून लोक सांगतात, काठिण्य कमी करा. पूर्वी याला लाज वाटायची, आणि ती वाटावी अशी व्यवस्थाही होती. 1992 च्या 'वुल्फेनस्टाइन 3डी'मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या डोक्यावर बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसायची. आताचे लोक सभ्य झालेत. 'सेलेस्ट' (2018) खेळाचा वेगच कमी करू देतो. 'हेडिस'मध्ये (2020) देवाच्या नावाची एक सवलत आहे: घेतल्याबरोबर अंगावरचे घाव 20 टक्क्यांनी हलके होतात, आणि पुढे दर मरणागणिक आणखी 2 टक्के सूट. मरणाच्या बाबतीत माझा हात धरणारा कोणी नाही, त्यामुळे मी बघता बघता पोलादी झालो. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये (2020) अशा साठांहून अधिक सोयी आहेत, अक्षरं मोठी करण्यासकट. अक्षरं मोठी करण्याची सोय ज्या पानावर आहे त्या पानावरची अक्षरं बारीक का असतात, हे विचारण्यासारखं आहे, पण सभ्यपणाला नावं ठेवू नयेत.

तर, मजा येते का? येते. कबूल करायला हरकत नाही, भरपूर येते. फक्त खेळ करणाऱ्यांनी जिथे ठेवली होती तिथे ती मला सापडत नाही. त्यांनी ती राक्षसाच्या पोटात ठेवली आहे आणि मला ती घोड्याच्या पाठीवर मिळते. मी गावाबाहेर पडतो, नकाशा बंद करतो, त्या शेळीवालीला टाळून ओढ्याकाठची वाट धरतो. घोडा आपल्या चालीने चालतो. संध्याकाळ होते, डोंगरावर चढल्यावर खाली दरी उघडते, आणि मी थांबून बघतो. ढग आणि झुडूप आता वेगवेगळे काढलेले असतात, हेही नजरेत भरतं. जगाच्या नाशाला चार दिवस होते ते चारच राहतात, मला घाई नाही हे त्यालाही कळलेलं दिसतं.

"बाबा, तू आत्तापर्यंत एकही मिशन केलं नाहीस," मुलगी मागून म्हणते.

"घोडा दमला होता."

"गेममधला घोडा?"

तिने आणि मी अखेर कामं वाटून घेतली. मारामारी, पळापळ, चोऱ्या आणि रागावलेल्या बायका तिच्याकडे. घोडा, रामराम, मासेमारी आणि दऱ्याखोऱ्या माझ्याकडे. राक्षस दिसला की मी कंट्रोलर तिच्या हातात देतो आणि चष्मा पुसायला घेतो. पुसून होईपर्यंत राक्षस आडवा. तिला कंटाळवाणं वाटणारं सगळं माझ्या वाट्याला येतं आणि मला धडकी भरवणारं सगळं तिच्या, यात फसलं कोण हे अजून ठरायचंय. परवा तिची परीक्षा सुरू झाली आणि दरीच्या तोंडाशी एक अजस्र अस्वल उभं राहिलं. मी घोडा वळवला. परीक्षा पुढच्या बुधवारी संपते. अस्वलाने तोवर दम धरावा.