‘एक सदाशिवपेठी’ यांना उत्तर: त्या गोधडीला मशीन का मारलं नाही

नमस्कार काका, ‘आमच्या लहानपणी’ असं बऱ्याचदा लिहिलंयत म्हणून काका म्हणतेय, चालेल ना?

तुमची कमेंट बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमधली नारायण पेठेतली गोधडी मी ‘वाचवली’ म्हणतेय पण ती अजून फाटकीच दिसतेय, डागही तसाच, लोकांनी नीट ठेवली नाही म्हणून भोकं पडली, त्यापेक्षा नवं कापड लावून आडवंउभं मशीन मारलं असतं तर मजबूत झाली असती. आणि दुसरं म्हणजे गोधडी ही गरिबी होती, तिचं कसलं कौतुक, हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले. जुन्या बाजारातल्या गोधड्या ‘व्हिंटेज’ म्हणून विकणाऱ्यांवरही तुम्ही भडकलायत. आणि जाता जाता असंही लिहिलंयत की तुमच्या आईची गोधडी गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली आहे, अधूनमधून वॉशिंग मशीनमधून काढता, मस्त टिकलीय.

मशीनचं आधी. जीर्ण लुगड्यावर कोरं कापड लावलं की ओढ बसते तेव्हा नवं कापड ताणलं जात नाही, सगळा ताण जुन्यावर येतो आणि ठिगळाच्या बरोबर कडेने ते फाटतं. ठिगळ शाबूत, गोधडी गेली. त्यात मशीनचा टाका बारीक, सुई जवळजवळ भोकं पाडत जाते, विरलेल्या सुतावर ती रांग म्हणजे एसटीचं जुनं तिकीट फाडायची रेघच. शिवाय हल्ली दोरा पॉलिस्टरचा मिळतो, तो स्वतः तुटत नाही, कापडाला कापतो. म्हणून मी काय केलं, तर मागून जुन्या धोतराचा मऊ तुकडा सरकवला, सुती दोऱ्याने सैल टाके घातले, आणि जिथे नुसते आडवे धागे लोंबत होते तिथे वरून बारीक नेट टाकून ती कडेच्या धड कापडात अडकवली. हे फोटोत दिसत नाही, दिसू नये असंच केलंय, त्यामुळे तुम्हाला वाटलं की बाईंनी काहीच केलं नाही!

भोकांबद्दल मात्र त्या घरातल्या लोकांवर उगाच खापर फोडू नका. फोटो परत झूम करून बघा, भोकं फक्त काळ्या तुकड्यांना आहेत, शेजारचा लाल काठ ठणठणीत. काळा तुकडा चंद्रकळेचा, म्हणजे काळ्या लुगड्याचा आहे, आणि जुना काळा रंग बऱ्याचदा हिरडा आणि लोखंडाचा असायचा, त्यातलं लोखंड वर्षानुवर्षं सुताला आतून खात राहतं. कितीही जपा, काळं आधी जाणार.

डागाचंही तसंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ही ट्रंकेत अर्धी भिजली असं घरचे सांगतात, आणि जिथपर्यंत ओल चढली तिथे ती तपकिरी रेघ उमटलीय. ती काही नुसता चिखल नाही हो, ओल्या आणि कोरड्या कापडाच्या सीमेवर सूत स्वतःच खराब होऊन तपकिरी पडतं, म्हणजे कापड नेमकं तिथेच सगळ्यात कमजोर. त्यावर ब्लीच ओतलं असतं तर डाग गेला असता आणि पाठोपाठ कापडही. आणि खरं सांगू, घरच्या आजींनीच सांगितलं होतं की रेघेला हात लावू नकोस.

आता गरिबी. थंडीसाठीच शिवली, मान्य, शंभर टक्के मान्य. वरचं लुगडं दंड घातलेलं आहे, म्हणजे गोधडीत जायच्या आधीच ते मधे विरून, कापून, जोडून परत नेसलं गेलेलं. एका फटीतून आत बघितलं तर आत अजून एक गोधडी, तिचे स्वतःचे टाके वेगळे, ती फाटली म्हणून हिच्या पोटात गेली. याला कौतुक म्हणा नाहीतर काही म्हणा, मला ते बघून गप्प व्हायला होतं.

पण नुसत्या गरजेने सगळं समजत नाही ना काका. धावदोरा बाहेरून सुरू होऊन चौकोनात चौकोन करत मधे येतो, सगळा पांढरा, आणि एका कोपऱ्यात वीतभर लाल. तुम्ही म्हणाल दोरा संपला असेल. मग समोरच्या कोपऱ्यात तेवढाच लाल का? आणि पुढे मध्यापर्यंत परत पांढराच आहे, म्हणजे संपला नव्हता. त्या बाईला तो तिथे हवा होता, बस. ऊब काय पांढऱ्या दोऱ्यानेही तेवढीच आली असती. तुमचं मशीन याच टाक्यांवरून गेलं असतं.

जुन्या बाजारात रविवारी ढिगातून स्वस्तात उचलायच्या आणि ‘व्हिंटेज’ म्हणून भरमसाट भावाने विकायच्या याचा तुम्हाला राग आहे, तो मलाही आहे. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड नावाच्या गावातल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या म्युझियममध्ये लागल्या, २००६ ला त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली, आणि २००७ ला त्यातल्याच काहींना पैशासाठी कोर्टात जावं लागलं. म्हणजे तुमचा प्रश्न खरा आहे, पण तो विकणाऱ्याला विचारायचा, गोधडीला नाही. आणि चोचले म्हणाल तर तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर केळकर संग्रहालय आहे, अडकित्ते, वज्री, दिवे, सगळं रोजच्या वापरातलंच, जमवत होते तेव्हा दिनकर केळकरांनाही कोणीतरी हेच ऐकवलं असेल.

बरं, डिकीतली गोधडी. प्लीज ती बाहेर काढा, ऑइल आणि उन्हाने डिकीची जी भट्टी होते तिने सूत ठिसूळ होतं. मशीनमध्ये अजिबात नको. ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंगाचा तुकडा दाबून बघा. फडकं कोरं राहिलं तरच टबात खाली चादर घालून, सौम्य साबणाच्या पाण्यात नुसती दाबून धुवा, आणि उचलताना चादरीसकट उचला, कारण ओली गोधडी स्वतःच्याच वजनाने फाटते. दोरीवर नको, सावलीत खाटेवर पसरून वाळवा. ठेवताना घडी न घालता धुतलेल्या, बिनखळीच्या मांजरपाटात गुंडाळा, खळीला कसर, म्हणजे कापड खाणारा किडा, लागते. फडक्याला रंग लागला तर मात्र पाणी लावू नका, आधी मला फोटो पाठवा.