माशी चमकली म्हणून जनावर दिसत नाही

रानडुकरांनी वावरं नांगरून टाकलेल्या आपल्या भागात एक व्हॉट्सॲप संदेश गावोगावच्या गटांत फिरतोय. वर एका अमेरिकन लिव्हर रायफलीचा (घोड्याखालचा दांडा ओढून काडतूस भरायची ती) फोटो आणि खाली चार सल्ले. माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुंटीला, रेडियम किंवा फायबर ऑप्टिक लावा, अंधारातही नेम चुकणार नाही. पीप साइट (गोल भोकातून नेम धरायची) लावू नका, तिनं अंधार वाढतो. माशी जेवढी मोठी तेवढी बरी. आणि शेवटचा: टॉर्च मारल्यावर डोळे चमकले नाहीत तर ते डुक्करच समजा.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. पीक नासवणाऱ्या डुकरावर गोळी झाडायची तर वनखात्याची लेखी परवानगी हवी आणि बंदूक परवान्याची हवी. ज्यांच्याकडे ही दोन्ही आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांच्यापैकी कुणी हा संदेश खरा मानला तर माणूस मरेल, ही भीती मला आहे.

रेडियमपासून सुरू करतो. आपल्याकडे गाडीच्या मागे चिकटवायच्या पट्टीलाच रेडियम म्हणतात. तिच्यात रेडियम नसतं आणि स्वतःचा उजेडही नसतो. समोरून पडलेला प्रकाश ती आल्या वाटेनं परत पाठवते, म्हणूनच हेडलाइट लागला की ट्रॉली दिसते. डोळ्याजवळ दिवा नसेल तर माशीवरची ती पट्टी नुसता कागद. फायबर ऑप्टिकचंही तेच. ती हिरवी-लाल काडी आजूबाजूचा उजेड अंगावर गोळा करून टोकाला आणते. आभाळातच उजेड उरला नाही तर ती आणणार कुठून? माळ्यावर ताडपत्रीचं छत असेल तर ती आणखी लवकर विझते, आणि आपण जागलीला बहुतेक तिथंच बसतो.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची माशी मात्र खरोखर स्वतः उजळते. तिचा उजेड साधारण 12 वर्षांत निम्मा होतो, पण तोवर ती गडद काळोखातही दिसते. धोका नेमका तिथंच आहे. ठिपका दिसतो, ठिपक्यापलीकडे काय उभं आहे ते दिसत नाही.

पीप साइटबद्दल संदेशात अर्धं खरं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. जुन्या लिव्हर रायफलींवर कारखान्यातून नळीवरच बसवलेली, नेम धरायची उघडी खाच येते. 1894 ची विंचेस्टर रिकामं काडतूस वरून फेकायची, त्यामुळे तिच्या डोक्यावर दुर्बीण बसवणं अवघड होतं. तिच्यात काडतूस कडेला फेकणारी रचना 1980 च्या दशकात आली. तोवर लोकांनी खाच आणि माशीवरच काम भागवलं. माझ्या परवान्यावर आजोबांपासून आलेली अशीच एक रायफल आहे.

खाच म्हणजे डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरं धरायला लावणं: मागची खाच, पुढची माशी आणि समोरचं जनावर. पंचविशीत हे जमून जातं. पंचेचाळिशीनंतर जवळची खाच धुरकट होते, आणि दिवेलागणीला तर ती काळ्या नळीत विरघळूनच जाते. पीप साइटमध्ये खाचेच्या जागी गोल भोक असतं आणि ते डोळ्याच्या जवळ येतं. त्यातून आरपार पाहायचं असतं, भोकाकडे बघायचंच नसतं. नजर आपसूक त्याच्या मध्यावर जाते, म्हणजे तीनपैकी एक अंतर कमी झालं. शिवाय भोक मागे सरकल्यानं माशी आणि त्याच्यातलं अंतर दहा-पंधरा सेंटिमीटरनं वाढतं आणि हाताची चूक तेवढी कमी होते. हे अंतर 50 सेंटिमीटर असताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर 50 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते.

मग अंधार का वाढतो? भोक बारीक असतं म्हणून. संधिप्रकाशात तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते, साठीच्या माणसाची पाचच्या आसपास. पाच मिलिमीटरच्या बाहुलीपुढे अडीचचं भोक धरलं तर डोळ्यात चौथाईच उजेड जातो. ते भोक चांदमारीसाठी असतं. पुष्कळ पीप साइटमधली बारीक भोकाची चकती फिरवून काढता येते आणि उरतं ते मोठं कडं. त्यालाच घोस्ट रिंग म्हणतात, कारण पाहताना त्याची कड पुसट होऊन जाते. बाहुलीएवढं किंवा तिच्याहून मोठं कडं उजेड अडवत नाही. तेव्हा साइट फेकू नका, चकती काढा.

माशीच्या आकाराचा हिशोब सोपा आहे. माझ्या रायफलीवर डोळ्यापासून माशी 80 सेंटिमीटरवर येते. 2.4 मिलिमीटरची माशी 50 मीटरवर 15 सेंटिमीटर झाकते, 1.6 ची 10 सेंटिमीटर. त्याहून जाड माशीमागे डुकराचा अख्खा खांदा जातो. रंग पांढरा हवा, कारण डुकराच्या काळ्या अंगावर काळी माशी हरवते. पितळेची गोल माशी मला पसंत नाही. मावळतीचा उजेड तिच्या एकाच गालावर चमकतो, आपण त्या चमकेलाच मधला बिंदू धरतो आणि गोळी उजेडाच्या उलट बाजूला जाते. माशीचं डोळ्याकडचं तोंड सपाट असावं.

हे मी तोंडी सांगत नाही. सांजवेळी रिकामी रायफल घेऊन, चेंबर दोनदा तपासून, पन्नास पावलांवर धुऱ्यावर ठेवलेल्या काळ्या ताडपत्रीवर मी प्रत्येक साइट लावून पाहिली. कडं आणि पांढरी माशी सगळ्यांत उशिरापर्यंत टिकली. पण ताडपत्रीशेजारी ठेवलेलं घमेलं आहे की दगड, हे माशी दिसेनाशी होण्याच्या बरंच आधी कळेनासं झालं.

तसं होणारच. डोळ्याच्या अगदी मध्यभागी अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, म्हणून काळोखात ज्याच्याकडे रोखून पाहावं तेच नाहीसं होतं. अंधाराला डोळा सरावायला अर्धा तास लागतो, आणि मोबाइल एकदा उघडला की तो अर्धा तास वाया.

आता शेवटचा सल्ला. टॉर्चमध्ये डोळे चमकतात ते बाहुलीमागच्या आरशासारख्या थरामुळे. रोही, गाय, बैल, कुत्रा, बिबट, वाघ, सगळ्यांना तो असतो. डुकराला नसतो, इथवर संदेश बरोबर आहे. पण तो थर माणसालाही नसतो.

मार्च-एप्रिलमध्ये झुंजुमुंजू व्हायच्या आधी बाया टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. फुलं वेचताना कंबरेत वाकलेल्या, अंगावर गडद लुगडं, तोंड जमिनीकडे. टॉर्च मारली तर त्यांचेही डोळे चमकणार नाहीत. तुरीत जागलीला निजलेल्या शेजाऱ्याचेही नाही. मोह गळायला लागला की फुलं संपेपर्यंत माझी रायफल घरात कुलपात असते. त्या दिवसांत डुकरानं नासवलेल्या पिकाचा पंचनामा करून मी वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाकतो.