जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर ‘स्वतंत्र गोवा’ नव्हता

१६ जानेवारीचा अस्मिताय दिस, म्हणजे १९६७ च्या जनमत कौलाचा दिवस, जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो: ‘१९६७ मध्ये गोंयकारांनी मतदान करून भारतात राहायचं ठरवलं. गोवा कराराने भारतात आला, कलम ३७१ मुळे आपल्या जमिनी सुरक्षित आहेत, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तसा गोवाही पडू शकतो.’ यातलं एकही विधान टिकत नाही. शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात, म्हणून हा खुलासा.

१९६७ चा प्रश्न भारतात राहण्याचा नव्हताच. संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला आणि गोव्यापुढे दोनच पर्याय ठेवले: महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, म्हणून राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, संघप्रदेशाची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. तिसरी निशाणी नव्हती. घटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांची फेररचना संसद करते. राज्याच्या विधानसभेचं मत मागवलं जातं, पण ते बंधनकारक नसतं. गोवा तर तेव्हा संघप्रदेश. तरीही थेट मतदारांना विचारलं गेलं, कारण विलीनीकरणाचा मुद्दा घेऊन १९६३ ची निवडणूक मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने जिंकली होती आणि तेवढ्यावर हा प्रश्न सुटला असं मानायला विलीनीकरणाच्या विरोधातला युनायटेड गोवन्स पक्ष तयार नव्हता. कौलाआधी मगोचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने राजीनामाही दिला. फूल निवडणारे आणि पानं निवडणारे, दोघेही भारताचे नागरिक म्हणूनच रांगेत उभे होते. त्यांच्यातला वाद मराठी-कोंकणीचा आणि वेगळ्या अस्तित्वाचा होता. पानांना मत देणाऱ्यांना आज फुटीर ठरवणं हा त्यांच्यावर धडधडीत अन्याय आहे.

आता कराराचं. १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज राजवट संपली. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबर १९६१ पासून गोवा, दमण व दीव संघप्रदेश झाला. पोर्तुगालशी करार झाला तो त्यानंतर तेरा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९७४ ला, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर. गोवा भारतात आल्याच्या तारखेपासूनच भारताचं सार्वभौमत्व त्यात मान्य केलं आहे. पोर्तुगीज नागरी संहिता चालू राहिली तीही करारामुळे नव्हे. १९६२ च्या भारतीय कायद्याच्या कलम ५ ने जुने कायदे कायम ठेवले, बदल होईपर्यंत. म्हणूनच वारसाहक्काचा भाग गोवा विधानसभेला २०१२ च्या कायद्याने नव्याने लिहिता आला.

ब्रिटनची तुलना तर मुळातच चुकते. युरोपीय संघ सार्वभौम देशांनी करार करून उभा केला, आणि बाहेर पडायची वाट त्याच करारातल्या कलम ५० मध्ये लिहिलेली आहे. ब्रिटनने २०१६ ला सार्वमत घेतलं, ३१ जानेवारी २०२० ला तो बाहेर पडला. आपल्या घटनेत तशी वाटच नाही.

कलम ३७१ चा गैरसमज सगळ्यांत महागात पडणारा, कारण त्याच्या भरवशावर लोक निर्धास्त राहतात. गोव्यासाठीचं कलम आहे ३७१-झ, गोवा घटकराज्य झाला त्या वेळचं, १९८७ चं. ते एका वाक्याचं आहे: गोव्याच्या विधानसभेत तीसपेक्षा कमी सदस्य नसावेत. जमिनीबद्दल त्यात अवाक्षर नाही. नागालँडच्या ३७१-क मध्ये जमिनीची मालकी आणि हस्तांतरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय त्या विषयावरचा संसदेचा कायदा लागू होत नाही. गोव्याला तसं हवं असेल तर घटनादुरुस्ती लागेल: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. गोव्याचे खासदार लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक.