ललिता पवार ही शिवी कधीपासून झाली?

परवा मानेवाड्याकडच्या एका लॉनवर घरचंच लग्न होतं. मोठी काकू मांडवात शिरली आणि पानाच्या काउंटरजवळ उभ्या पोरांतून आवाज आला, "बाप्पा, ललिता पवार आली!" सगळे हसले. काकूच्या कानावर गेलं की नाही, कोण जाणे. ती पदर सावरत सरळ नवरीच्या आईकडे गेली. बोलणारा परका नव्हता, आत्याचाच मुलगा. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "अगं ताई, मजाक करून राहिलो होतो ना. काहून एवढं मनावर घेते?"

मनावर घेतलंय, म्हणूनच लिहितेय.

काकूच्या चेहऱ्याला लकवा मारला तेव्हा मी बारा वर्षांची होते. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, तेव्हा लक्षात आलं. मग मेडिकलच्या चकरा, शेक, फुगे फुगवायचे, आरशासमोर बसून गाल फुगवायचे. सगळ्यात जास्त हाल डोळ्याचे झाले. पापणी मिटायचीच नाही. रात्री डोळ्यात मलम घालून, वरची पापणी हलकेच खाली ओढून चिकटपट्टी लावायची. ते काम माझ्याकडे होतं. पट्टी जरा सैल लागली की रात्रभर डोळा उघडा राहायचा आणि सकाळी लालभडक. त्यात नागपूरचा मे महिना. कूलरचा वारासुद्धा सहन व्हायचा नाही, दुपारी झळ लागली की त्या एका डोळ्यातून धार लागायची. पुढे बरंच सुधारलं, पण डावा डोळा बारीक राहिला आणि हसू उजवीकडूनच फुटतं. त्याच वर्षी महालातल्या आमच्या गल्लीत कुणीतरी तिला सिनेमातल्या खाष्ट सासूचं हे नाव ठेवलं. ते आजतागायत चिकटलंय.

नाव ठेवणाऱ्यांना ती बाई कोण होती, हे ठाऊक असतं तर?

ललिताबाई येवल्याच्या. जन्म १९१६ चा, मूळ नाव अंबा. सिनेमा मुका होता तेव्हापासून त्या पडद्यावर आहेत. १९२८ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्या होत्या. १९३२ मध्ये 'कैलाश' हा मूकपट आला, त्यात त्या नुसत्या नटी नव्हत्या, निर्मितीतही त्यांचा वाटा होता. वय सोळा! पुढे १९३८ मध्ये 'दुनिया क्या है' हा बोलपट काढला. नायिका होत्या, गात होत्या, पैसे घालून चित्रपट करत होत्या. 'खाष्ट सासू' या दोन शब्दांत आपण जिला गुंडाळून टाकतो, तिची अशी चौदा-पंधरा वर्षं आधीच झालेली होती.

मग १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. नट भगवान यांनी प्रसंगात त्यांच्या थोबाडीत मारायची होती, ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लकव्यानं गेली, डावा डोळा कायमचा अधू झाला. तीन वर्षं उपचार चालले. हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे आणि सांगणारे तो हमखास एकाच वळणावर आणून सोडतात, की थप्पड बसली म्हणून खलनायिका झाली, म्हणून अजरामर झाली. मला याचा मनापासून राग येतो. थपडेनं एका सव्वीस वर्षांच्या बाईच्या हातून नायिकेची कामं नेली, बाकी काही दिलं नाही. नंतर जे झालं ते तिनं केलं. अर्धा चेहरा ऐकत नसताना माणसाला साधं 'प' किंवा 'ब' म्हणायला किती कष्ट पडतात, ते मी आमच्या स्वयंपाकघरात रोज पाहिलंय. नटीचं तर भांडवलच चेहरा.

आणि खलनायिका म्हणजे तरी किती तऱ्हा! १९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई होत्या. 'ध'चा 'मा' करणारी ती. १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये मंथरा, आणि १९८७ च्या टीव्हीवरच्या रामायणात पुन्हा मंथरा. तेव्हा वय सत्तरीच्या पुढे. आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, रविवारी सकाळी ओसरीपर्यंत माणसं बसायची. मंथरा वाकत वाकत कैकेयीच्या महालाकडे निघाली की आजी हातातली वात वळायची थांबायची. "आली मेली," म्हणायची, आणि एक अक्षर सुटू नये म्हणून पोरांना दटावायची.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. ज्यांनी 'अनाडी' पाहिलाय त्यांनी आठवून बघा. १९५९ चा, हृषिकेश मुखर्जींचा. त्यातली मिसेस डिसा. भाडेकरू पोरावर तोंडानं आग पाखडणारी आणि पाठीमागून त्याच्या पोटाची काळजी करणारी घरमालकीण. आवाजात चिडचिड, नजरेत माया, आणि दोन्ही एकाच वेळी खरं. भेसळीच्या औषधानं तिचा जीव जातो तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. 'श्री ४२०'मधली केळेवाली आठवा. फुटपाथवरची गरीब बाई, भाव करता करता आई होऊन जाते. 'आनंद'मधली मेट्रन आठवा, तिचंही आडनाव डिसाच. दवाखान्यात तोऱ्यात वावरणारी ही बाई आनंदपुढे कशी विरघळते!

मला सगळ्यात आवडतो तो १९६२ चा 'प्रोफेसर'. लोक त्याला शम्मी कपूरचा सिनेमा म्हणतात, म्हणोत. त्यात शिस्तीच्या नावाखाली घर धाकात ठेवणारी ही प्रौढ बाई म्हाताऱ्याच्या वेषातल्या शिक्षकाच्या प्रेमात पडते. प्रेक्षक हसतात, लिहिलंच तसं आहे. पण ललिताबाई त्या बाईला हास्यास्पद होऊ देत नाहीत. ती नटायला लागते, लाजते, तेव्हा आपल्याला कळतं की हिला कितीतरी वर्षांत कुणी गोड शब्दसुद्धा बोललेलं नाही. मोठमोठ्या नायिकांच्या वाट्याला न आलेलं हे काम आहे, आणि ते त्या अधू डोळ्यानं केलेलं आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात औंधला त्या गेल्या. मूकपटापासून टीव्हीपर्यंत जवळपास सत्तर वर्षं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनं गौरवलं होतं. आपण मात्र त्यांचं नाव ठेवलंय कशासाठी, तर सुनेला सासूवरून चिडवायला आणि वाकड्या चेहऱ्याच्या बाईला खिजवायला. हे आपण मराठी माणसं करतो, ज्यांच्या मातीतली ती होती, याचं मला जास्त वाईट वाटतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काकूकडे गेले. मांडवातलं काही बोलले नाही. मोबाइलवर 'प्रोफेसर' लावला, उशीला टेकवून ठेवला. काकू आधी "आता मला कुठं दिसतं एवढ्याशा फोनमध्ये" म्हणत होती, मग चष्मा पुसून जवळ सरकली. गाण्यांत तिचं लक्ष नव्हतं. ललिताबाई दिसल्या की ती पुढे वाकायची. बराच वेळ काही बोलली नाही. मग पदराच्या टोकानं आपला डावा डोळा टिपून म्हणाली, "याला सारखं पाणी येतं गं, उजेडात तर जास्तच. एवढ्या लाइटांपुढं तिनं कसं धरून ठेवलं असेल?"

मी फोन जरा मागे घेऊन तोच प्रसंग पुन्हा लावला.