हरवळ्याच्या गुंफा पांडवांनी एका रात्रीत कोरल्या?

गोव्यातल्या साखळीजवळच्या हरवळे गुंफांविषयी एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. पांडवांनी वनवासात या गुंफा एका रात्रीत कोरल्या. भाऊ पाच म्हणून खोल्या पाच. आत शिवलिंगे आहेत, म्हणजे हे मुळातच शिवालय. आणि गोव्यात बौद्ध कधी नव्हतेच.

आधी पांडवांचे नाव घेऊ. नाशिकच्या लेण्यांनाही लोक पांडवलेणीच म्हणतात. तिथल्या भिंतींवर मात्र सातवाहन आणि क्षहरात या जुन्या राजघराण्यांचे लेख आहेत आणि दाने दिली आहेत ती बौद्ध भिक्षूंना. जुने कोरीवकाम कुणाचे याचा विसर पडला, की ते पांडवांच्या नावावर जमा होते. गोव्यातल्याच रिवणच्या गुंफांचेही तेच झाले. लोकांच्या श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही, पण नावाला पुरावा मानता येत नाही. पाच खोल्यांच्या हिशेबालाही याहून जास्त आधार नाही.

एका रात्रीच्या गोष्टीला दगडच उत्तर देतो. हा आपला जांभा. चिरेखाणीवर काम केलेल्या कुणालाही विचारा: ताजा जांभा मऊ असतो, सहज तासता येतो, वारा लागला की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र, त्यात बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून हरवळ्याला साधे चौकोनी खांब आणि कोऱ्या भिंती दिसतात. दगडाचा स्वभाव ओळखून नेटाने केलेले हे माणसांचे काम आहे. त्या कारागिरांचे श्रेय एका रात्रीच्या चमत्कारात बुडवणे मला अन्यायाचे वाटते.

शिवलिंगांचा मुद्दा खरा विचार करण्याजोगा. इथल्या लिंगावरचा संस्कृत लेख अक्षरवळणावरून सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. म्हणजे शैव उपासना इथे जुनीच आहे, यात वाद नाही. पण लिंग आहे एवढ्यावरून गुंफा त्याच्यासाठीच खोदली, असे सिद्ध होत नाही. पुढे खांब आणि ओळीने कक्ष, ही मांडणी विहाराशी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या निवासाशी, जुळते, म्हणून अनेक अभ्यासक मूळ बौद्ध मानतात. माझाही कल तिकडेच आहे. मात्र इथे स्तूप नाही, बुद्धमूर्ती नाही, तेव्हा छातीठोकपणे ‘बौद्ध मंदिर’ म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे.

राहिला शेवटचा दावा. 1930 साली इतिहास संशोधक फादर हेन्री हेरास यांना बार्देशात कोलवाळच्या मुशीर भागात बुद्धमूर्ती सापडली. ती आज मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेच्या संग्रहात आहे. गोव्यात बौद्ध कधी नव्हतेच म्हणणाऱ्यांनी, ही मूर्ती कोलवाळला कोण पूजत होते ते सांगावे.