बीए झालेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी मोजतं का?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले की महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. कॅप राउंडला कोणती ब्रँच मिळेल, कॉम्प्युटर नाही तर एआय-डेटा सायन्स घ्यावं का, सिव्हिलला आता काय राहिलंय. कला शाखेत उत्तम गुण मिळवलेल्या मुलीच्या वाट्याला मात्र एकच प्रश्न येतो: 'बीए करून पुढे काय?' इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहून नातेवाइकांशी फोनवर या चर्चा करताना मला एक गोष्ट फार खुपते. या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नसतं, मुलीला माहीत नसतं आणि जिथे ती प्रवेश घेणार त्या कॉलेजलाही माहीत नसतं. चुलत्याच्या मित्राच्या मुलाला हिंजवडीत नोकरी लागली, एवढ्या पुराव्यावर चार वर्षांचा आणि काही लाखांचा निर्णय होतो.

ही सगळी चर्चा नेमकी कुणाभोवती फिरते तेही पाहा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी 34.2 टक्के कला शाखेत होते, तर अभियांत्रिकीत 11.8 टक्के. म्हणजे फ्लेक्सवर झळकणारं 'हायेस्ट पॅकेज' ज्यांच्याशी संबंधित आहे, ते साधारण आठ-नऊ जणांत एक. उरलेल्यांचं काय होतं, हे विषयवार आणि कॉलेजवार सांगणारा आकडा कुठेही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये तो मिळतो. इथलं सरकार पदवीधरांच्या शैक्षणिक नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडतं आणि पदवीनंतर एक, तीन, पाच आणि दहा वर्षांनी कोणत्या विषयाचे किती जण कामावर आहेत, त्यांची मध्यम (म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी) कमाई किती, हे प्रसिद्ध करतं. व्यक्तीचं नाव कुठेही येत नाही. गट फार लहान असेल तर आकडाच झाकला जातो. याशिवाय पदवीनंतर पंधरा महिन्यांनी पदवीधरांचं सर्वेक्षण होतं. त्यात कामाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारतात: हे काम तुम्हाला अर्थपूर्ण वाटतं का, पुढच्या बेतात बसतं का, शिकलेलं त्यात वापरता येतं का. आपल्याकडे पगाराच्या पलीकडचं असं काही पदवीधराला कुणी अधिकृतपणे विचारल्याचं मला आठवत नाही.

या नोंदींवर आधारलेला इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेचा 2020 चा अभ्यास इथे खूप गाजला. कर आणि शैक्षणिक कर्ज वजा जाता, पदवी घेतल्यामुळे स्त्रीला आयुष्यभरात सरासरी सुमारे एक लाख पौंड आणि पुरुषाला सुमारे एक लाख तीस हजार पौंड जास्त मिळतात, असा त्याचा अंदाज होता. पण विषयांतली दरी प्रचंड. वैद्यक किंवा अर्थशास्त्र शिकलेल्या पुरुषांना पाच लाखांहून अधिक फायदा, तर ललित कला शिकलेले पुरुष सरासरीने तोट्यात. आणि पाचातला एक विद्यार्थी पदवी न घेता आर्थिकदृष्ट्या अधिक बरा राहिला असता.

हे आकडे सतरा वर्षांच्या मुलीला बघायला मिळतात हे मला मनापासून योग्य वाटतं. त्यांचा पुढे जो वापर झाला, तो मात्र मला मान्य नाही. 2022 मध्ये इथल्या उच्च शिक्षणाच्या नियामकाने ठरवलं की पूर्णवेळ पदवी घेणाऱ्यांपैकी किमान 60 टक्के जण व्यावसायिक दर्जाच्या कामात, पुढच्या शिक्षणात किंवा तत्सम चांगल्या ठिकाणी पोहोचायला हवेत. 2023 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी विद्यार्थ्यांना लुबाडणाऱ्या पदव्यांवर मर्यादा आणण्याची घोषणा केली. आई आजारी म्हणून गावातच थांबून मिळेल ते काम धरणारी पदवीधर या हिशेबात तिच्या विषयाचं अपयश ठरते. पगार विषयाइतकाच गावावर, घरच्या परिस्थितीवर आणि आधीच्या गुणांवर ठरतो, हे संशोधक सांगत राहतात. मथळ्यांत ते उरत नाही.

बरं, विषय बंद करण्याची कुऱ्हाड पडते ती तरी या आकड्यांनुसार पडते का? आमच्या जवळच्याच शेफील्ड हॅलम विद्यापीठाने 2022 मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी थांबवत असल्याचं जाहीर केलं. तिथे निदान रोजगाराचं कारण पुढे करता येतं. पण जानेवारी 2025 मध्ये कार्डिफ विद्यापीठाने पैशांच्या चणचणीमुळे बंद करायच्या विषयांत संगीत आणि भाषांबरोबर चक्क नर्सिंग घातलं. ज्या पदवीनंतर नोकरी जवळपास हमखास, ती! विरोधानंतर नर्सिंगचा प्रस्ताव मागे घेतला, हे खरं. पण नोकरी मिळवून देणारा विषय सुरक्षित असतो हा समज त्या यादीने खोटा ठरवला.

आणखी एक फरक आहे आणि घरच्या चर्चेत तो कधीच येत नाही. ब्रिटनमध्ये विषय चुकला तर निदान बाप बुडत नाही. फीचं सरकारी कर्ज उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावरच फेडायचं; इंग्लंडमध्ये 2023 पासून प्रवेश घेतलेल्यांसाठी ती मर्यादा वर्षाला 25,000 पौंड. त्यावरच्या कमाईचे 9 टक्के कापले जातात आणि चाळीस वर्षांनी उरलेलं कर्ज माफ. आपल्याकडे बँकेचं शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता मागायला लागतं, नोकरी असो वा नसो. रक्कम मोठी असेल तर तारण घर किंवा जमीन. म्हणजे जिथे चुकण्याची किंमत सर्वांत जास्त, तिथेच माहिती सर्वांत कमी.

इथे इतिहास शिकलेला मुलगा अकाउंटन्सीच्या फर्ममध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागतो, भाषा शिकलेली मुलगी इतर विषयांच्या पदवीधरांसाठी असलेला वकिलीचा रूपांतर अभ्यासक्रम करते. पदवीधरांच्या अनेक नोकऱ्यांना विषयाची अट नसते. महाराष्ट्रात 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलेला भरवशाचा दरवाजा म्हणजे एमपीएससी, यूपीएससी आणि बँकांच्या परीक्षा. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वयाची अट संपेपर्यंत बसलेल्या मुलांना सरकारी नोकरीचा हव्यास आहे, असं लोक सहज म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांना ब्रँच न विचारणारा दुसरा दरवाजा कोणता दाखवला आपण? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार भारतात 2022 मध्ये पदवीधर तरुणांतली बेरोजगारी 29.1 टक्के होती, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4 टक्के. निरक्षर तरुणाला घरी बसणं परवडत नाही, हा त्यातला एक भाग झालाच. तरी 29 टक्क्यांचा अर्थ बदलत नाही.

म्हणून ब्रिटनची मोजणी घ्यावी आणि ब्रिटनचा दंडुका घेऊ नये, असं माझं मत आहे. मोजणी अवघडही नाही. आपल्याकडची एनआयआरएफ ही केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी मध्यम पगार विचारते, पण तो नोकरी लागलेल्यांचाच. न लागलेले त्या हिशेबातून गळतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं नोकरीचे आणि पुढच्या शिक्षणाचे पाच वर्षांचे आकडे गोळा करतातच. ते विषयवार मागायचे आणि छेदात उत्तीर्ण झालेला प्रत्येक जण धरायचा. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी जोडल्या तर संघटित क्षेत्र कळेल. शेती, दुकान, शिकवण्या, घर सांभाळणं हे त्यात येणार नाही. त्यासाठी फोन करून विचारावं लागेल, आणि ते काम त्याच विभागाच्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन करता येईल. नांदेडच्या किंवा जळगावच्या विद्यापीठाने मराठी, इतिहास, रसायनशास्त्र आणि वाणिज्य या चार विषयांची 2020 ची एक तुकडी घेतली तरी सुरुवात होईल. आणि पहिल्या पाच वर्षांत या आकड्यांवरून एकही विभाग बंद होणार नाही, एकाही प्राध्यापकाचं पद गोठवलं जाणार नाही, हे त्याच ठरावात लिहून घ्यावं. नाहीतर पहिल्याच वर्षापासून कॉलेजं आकडे रंगवायला लागतील.