वुल्फ्रॅमच्या हिशेबातली तटस्थता

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला म्हणून वाचला, असे कौतुकाने सांगितले जाते. मला ते कौतुक अर्धवट वाटते, कारण परराष्ट्र धोरण जितके तहांत दिसते तितकेच ते व्यापाराच्या हिशेबातही दिसते, आणि तो हिशेब फारसा कोणी उघडत नाही.

वुल्फ्रॅम हे टंगस्टनचे खनिज. चिलखत भेदणारे तोफगोळे आणि पोलाद कापणारी अवजारे यांसाठी जर्मनीला ते हवेच होते. चीनमधून सोव्हिएत रेल्वेने येणारा हा माल जून 1941 मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर चढाई करताच बंद झाला आणि बर्लिनची सारी भिस्त पोर्तुगाल आणि स्पेनवर आली. पोर्तुगालमधली पानाश्केइराची मोठी खाण ब्रिटिश मालकीची होती, तर इतर काही खाणी जर्मनांच्या हातात होत्या.

पोर्तुगालचा हुकूमशहा पंतप्रधान सालाझार याने माल ब्रिटन आणि जर्मनी दोघांनाही विकला, पण वसुली वेगवेगळी केली. ब्रिटनशी 1373 च्या मैत्रीच्या तहाचे नाते होते आणि समुद्रावरून येणारे धान्य व तेल ब्रिटिश आरमाराच्या संमतीवर अवलंबून होते, म्हणून ब्रिटनला पौंडांत उधारी मिळाली. जर्मनीकडून सोने घेतले गेले, आणि त्यातले बरेचसे व्यापलेल्या देशांच्या तिजोऱ्यांतून लुटलेले होते. युद्धानंतर अनेक वर्षांच्या घासाघिशीनंतर पोर्तुगालने जेमतेम 4 टन सोने परत केले.

या भरभराटीत सामान्य माणसाच्या वाट्याला काय आले, हा माझा खरा प्रश्न आहे. पांढऱ्या गारगोटीच्या शिरेत अडकलेल्या त्या काळ्या, हातात घेताच जड लागणाऱ्या दगडापायी शेतकऱ्यांनी शेते सोडली, बायका ओढ्याच्या पाण्यात तो धुऊन वेचू लागल्या आणि गारगोटीच्या धुळीने कितीतरी खाणकामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग जडला. तिजोरीत सोने साठत असतानाच देशात अन्नटंचाई वाढली. 1943 च्या उन्हाळ्यात लिस्बनच्या कामगारांनी मजुरी आणि पावासाठी संप केले आणि सरकारने ते दडपले.

जर्मन आक्रमणाची भीती होती, हे सालाझारचे समर्थन 1941 पुरते मी मान्य करतो. मात्र ऑगस्ट 1943 मध्ये त्याने अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर्स बेटांवरील लष्करी तळ ब्रिटनला देण्याचे मान्य केले, तेव्हा ती भीती बरीच ओसरली असली पाहिजे. तरीही जर्मनीला वुल्फ्रॅम जातच राहिले आणि दोस्त राष्ट्रांच्या दबावाखाली निर्यात थांबायला जून 1944 उजाडला. त्या दहा महिन्यांचे समर्थन मला कुठेही सापडत नाही.